लेथला मिलिंग जोडले, एवढ्याने पेटंट होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मकरपुरा, पोर किंवा वाघोडियातल्या एखाद्या कारखान्याने टर्निंग (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवून कापणे) आणि मिलिंग (कटर फिरवून कापणे) एकाच मशिनवर आणले की उद्योग पानावर ‘बडोद्याच्या मशिनला पेटंट’ असा मथळा झळकतो. मजकूर शेवटपर्यंत वाचला की कळते, हाती आलेला आहे तो अर्जाचा क्रमांक. तो फी भरल्याबरोबर संगणक देतो. मशिन चालते की नाही हेही तोवर कोणी विचारलेले नसते. पुढे १८ महिन्यांनी अर्ज पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, तेव्हा दुसऱ्यांदा पेढे वाटले जातात. तीही मंजुरी नव्हे. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, मग परीक्षकाचा पहिला अहवाल येतो, त्याला उत्तर, बहुधा सुनावणी, आणि त्यानंतर झाले तर पेटंट. मंजूर झालेल्या पेटंटचीही सरकार हमी घेत नाही. पेटंट कायद्याच्या कलम १३(४) मध्ये तसे स्पष्टच म्हटले आहे. मंजुरीआधीच मशिनवर ‘पेटंटेड’ अशी पितळी पट्टी ठोकणाऱ्यांनी कलम १२० वाचलेले बरे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यातला दंड १० लाख रुपयांपर्यंत नेला आहे.

पण बातमीतली चूक किरकोळ म्हणावी असा मोठा घोटाळा आपल्या कारखानदारांच्या डोक्यातच आहे. दोन मशिने एका बेडवर (पायावर) आणली म्हणजे शोध लागला, असे ते धरून चालतात. कलम ३(एफ) नेमके याच्या आड येते. ठाऊक असलेल्या साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा दुप्पट-तिप्पट जोडणी केली आणि प्रत्येक साधन स्वतंत्रपणे, पूर्वीच्याच पद्धतीने काम करत राहिले, तर तो शोध धरला जात नाही. पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शनात याची उदाहरणे दिलेली होती: पंखा बसवलेली छत्री, टॉर्च बसवलेली बादली, चाळणी लावलेली पिठाची गिरणी. लेथच्या बेडवर मागच्या बाजूला खांब उभा करून त्यावर मिलिंग हेड बसवले, तर ते याच रांगेत जाऊन बसते. टर्निंग चालू असताना मिलिंग हेड गप्प, मिलिंग चालू असताना लेथचा स्पिंडल (फिरता दांडा) गप्प. जागा वाचली, एक बेड वाचला, किंमत कमी झाली, हे सगळे खरे. पण दोघांनी एकमेकांच्या कामात काहीच बदल केला नाही.

इथे वकील मंडळी एक युक्तिवाद सुचवतात. कलम २(१)(जेए) मधल्या ‘शोधक पायरी’च्या व्याख्येत ‘आर्थिक महत्त्व’ असे शब्द आहेत, तेव्हा किंमत कमी झाली एवढे दाखवले की पुरे. पुरे होत नाही. त्याच व्याख्येचा उरलेला भाग सांगतो की त्या वैशिष्ट्यामुळे शोध त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा. लेथवर मिलिंग अटॅचमेंट बसवावी हे आयटीआयच्या मुलालाही सुचते.

न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वीपासून हाताळला आहे. पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर बसवण्याचे अमेरिकन पेटंट १८५८ चे. १८७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते टिकू दिले नाही, कारण पेन्सिल पेन्सिलीचे काम करते आणि रबर रबराचे. इंग्लंडमध्ये १८९० च्या विल्यम्स विरुद्ध नाय खटल्यात मांस बारीक करणारे यंत्र आणि ते आतड्यात भरणारे यंत्र एकत्र केलेले होते; तेही पेटंट पडले. आपल्याकडचा निकाल मात्र बडोद्यातल्या प्रत्येक मशिन बनवणाऱ्याने वाचावा असा आहे, कारण तो वाद थेट लेथचाच होता.

बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, निकाल १३ डिसेंबर १९७८. भांडी लेथवर धरून खरवडण्याच्या साधनाचे पेटंट १९५१ चे. जुन्या पद्धतीत भांडे हेडस्टॉकच्या (लेथच्या फिरवणाऱ्या टोकाच्या) बाजूने धरलेले असे आणि दुसऱ्या टोकाला आधार नसे. ते निसटून उडण्याचा धोका होता. पेटंटधारकाने टेलस्टॉककडून (समोरच्या टोकाकडून) दाब देणारा, फिरता स्पिंडल वापरून भांडे दोन्हीकडून पकडले. सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्दच ठरवले. दोन टोकांत जॉब धरणे, त्याला फिरत्या सेंटरचा आधार देणे ही लेथची जुनीच रीत. ती भांड्यांना लावणे ही कारखान्यात कारागीर करतो तशी सुधारणा, त्यापलीकडे काही नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. पण त्याच निकालात उलट बाजूही आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. जुने, ठाऊक असलेले भाग असे जोडले की त्यांच्या परस्परसंबंधातून नवी प्रक्रिया किंवा सुधारलेला परिणाम मिळतो, तर तसा जोड पेटंटला पात्र ठरू शकतो. टर्न-मिल मशिनचे पेटंट मिळायचे असेल तर ते या वाटेनेच मिळेल.

मग परस्परसंबंध कुठे शोधायचा? दोन्ही कामे एकत्र आल्यामुळे जी नवी अडचण उभी राहते, तिथे. स्वतंत्र लेथवर आणि स्वतंत्र मिलिंगवर ती अडचण नव्हतीच. जोडल्यावर ती आली आणि तुमच्या रचनेने ती सुटली, तर परीक्षकाला ‘प्रत्येक भाग आपापले काम करतो’ असे म्हणता येत नाही.

मुख्य स्पिंडलपासूनच सुरुवात करू. टर्निंगला तो मिनिटाला हजारो फेरे फिरायला हवा. मिलिंगला त्याच स्पिंडलने सी-अक्ष होऊन, म्हणजे कोन मोजत फिरून, अंशाच्या हजाराव्या भागाइतके अचूक थांबायला आणि कटरचे धक्के खायला हवे. या दोन मागण्या बेअरिंगच्या प्रीलोडवर (जोडतानाच दिलेल्या दाबावर) येऊन आपटतात. प्रीलोड जास्त ठेवला तर मिलिंगला ताठरपणा मिळतो, पण वरच्या वेगाला पुढचे बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होते आणि स्पिंडल पुढे वाढून जॉबच्या लांबीत फरक पडतो. प्रीलोड कमी ठेवला तर टर्निंग गार चालते, पण एंडमिल (दांड्यासारखा कटर) लागली की चॅटर (थरथर) येतो आणि गाळ्याच्या भिंतीवर लाटा उठतात. बहुतेक कारखाने मधला आकडा धरतात आणि दोन्ही कामे बेताची करून घेतात.

स्वस्त मशिनवर सी-अक्ष वर्म (स्क्रूसारखा दांडा) आणि वर्मव्हीलने (त्यात अडकणाऱ्या दातेरी चाकाने) आणतात. टर्निंगच्या वेळी वर्म मागे ओढलेला, मिलिंगच्या वेळी आत ढकललेला. आत जाताना दात दातावर बसला की वर्मची कड झिजते. म्हणून स्पिंडल आधी ठरावीक कोनात आणून मगच वर्म सोडावा लागतो. शिवाय बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी गॅप. एंडमिलचे कापणे तुटक असते, दर दाताला बल वर-खाली होते आणि क्लाइंब मिलिंगमध्ये कटरच जॉबला ओढतो. व्हील गॅपभर मागेपुढे हलते आणि सी-अक्षाची दिशा जिथे उलटते तिथे जॉबवर डाग उमटतो. दुहेरी पिचचा वर्म घालून गॅप कमी करता येते, पण तो उपाय जुना आहे.

ब्रेकचेही तसेच. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला तीन अवस्था लागतात: टर्निंगला पूर्ण सुटलेला, स्पिंडल थांबवून ड्रिलिंग किंवा की-वे (की बसवायची खाच) करताना पूर्ण आवळलेला, आणि सी-अक्ष फिरत असताना मिलिंग करायचे तर हलका ओढ धरणारा. हा तिसरा दाब चुकला की सर्व्हो मोटर गरम होऊन अलार्म देते, किंवा ओढ कमी पडून पृष्ठभाग खडबडीत निघतो.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे टूलच्या स्पिंडलवर, उलटीच तऱ्हा. मिलिंग स्पिंडलमध्ये टर्निंगचे टूल धरले की तो स्पिंडल फिरत नाही, पण कापण्याचा सगळा जोर त्याच्या थांबलेल्या बेअरिंगवर एकाच जागी येतो. काही महिन्यांत गोट्यांच्या खुणा रेसवर उमटतात आणि मग वरच्या वेगाला मिलिंग करताना आवाज सुरू होतो. गिऱ्हाईक बेअरिंगच्या कंपनीला शिव्या देते. दोष रचनेचा असतो. जोर स्पिंडलऐवजी हाउसिंगवर उतरवणारे दातेरी कपलिंग हा यावरचा प्रचलित उपाय आहे आणि त्यावर परदेशात भरपूर पेटंटे होऊन गेली आहेत.

वाय-अक्ष (कटर आडवा सरकवण्याची सोय) का लागतो हे आकड्यात पाहिले की पटते. ५० मिमीच्या शाफ्टवर १४ मिमी रुंद, ५.५ मिमी खोल की-वे १० मिमीच्या एंडमिलने करायचा आहे. वाय-अक्ष असेल तर कटर दोन्ही बाजूंना २ मिमी सरकतो आणि भिंती समांतर येतात. नसेल आणि फक्त सी-अक्ष फिरवून रुंदी वाढवली, तर कटरचा अक्ष कायम शाफ्टच्या केंद्रातून जातो, प्रत्येक भिंत सुमारे ४.६ अंशांनी तिरपी होते आणि तळाशी रुंदी १३.१ मिमीच्या आसपास उरते. की वरून आत जाते आणि खाली अडकते. फिटर कानस घेऊन बसतो, म्हणजे एका पकडीत काम संपवण्याचा फायदा तिथेच गेला.

जॉब आणि कटर दोन्ही एकदम फिरवून बाहेरचा गोल कापण्याची पद्धत, जिला टर्न-मिलिंग म्हणतात, तिच्यात तर दोन स्पिंडलचे नाते सरळ गणितात उतरते. कटरचा अक्ष जॉबच्या अक्षाला काटकोनात ठेवून कापले तर निघतो तो खरा गोल नसतो. बारीक सपाट पट्ट्यांचा बहुभुज असतो. ४ इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्यांचा) कटर १,५०० फेऱ्यांवर आणि जॉब २० फेऱ्यांवर असेल तर एका फेऱ्यात ३०० पट्ट्या पडतात. २५ मिमी त्रिज्येवर गोलाईतली सैद्धांतिक चूक सुमारे १.४ मायक्रॉन. घाई म्हणून जॉब ६० फेऱ्यांवर नेला की पट्ट्या १०० होतात आणि चूक १२ मायक्रॉनपुढे जाते. वेग तिप्पट, चूक नऊपट. इथे एक स्पिंडल दुसऱ्याचे काम बदलतो याबद्दल वादच नाही. मात्र हे नाते आता नवे राहिलेले नाही, तेव्हा नुसते ‘दोन्ही वेगांचे गुणोत्तर राखणारे मशिन’ असा क्लेम (अर्जातला हक्काचा दावा) लिहून उपयोग नाही. ते गुणोत्तर बिघडते कधी आणि तुमचे मशिन ते कसे सावरते, यात काही असेल तर असेल.

आता क्लेम कसा पडतो आणि कसा उभा राहू शकतो ते पाहा. ‘बेड, हेडस्टॉक, टेलस्टॉक आणि बेडवर सरकणारे मिलिंग हेड असलेले, एकाच पकडीत टर्निंग व मिलिंग करणारे मशिन’ हा क्लेम कलम ३(एफ) पर्यंत जाण्याआधी नवेपणावरच मरतो. माझाकची इंटिग्रेक्स मालिका किंवा लिंझच्या डब्ल्यूएफएलची मिलटर्न मशिने यांच्या जुन्या कॅटलॉगचे एक पान त्याला पुरते. त्याऐवजी असे समजा, की कोणी पुढच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगमागे तेलाचा कप्पा ठेवला आणि तो सी-अक्षाच्या ब्रेकच्याच लाइनवर जोडला. ब्रेक आवळला की प्रीलोड आपोआप वाढतो, हलका ब्रेक असेल तर मधला राहतो, ब्रेक सुटला की उतरतो. आणि कप्प्यातला दाब उतरल्याचा स्विच लागल्याशिवाय टर्निंगचा वेग ठरावीक आकड्यापुढे जातच नाही. ऑपरेटरने चुकीचा एम-कोड (मशिनला द्यायचा आदेश) दिला तरी जास्त प्रीलोडवर स्पिंडल पळून बेअरिंग जळत नाही. बदलता प्रीलोड जुना, ब्रेक जुना, स्विच जुना. पण ब्रेकची अवस्थाच प्रीलोड ठरवते, हे नाते जोडलेल्या मशिनशिवाय अस्तित्वातच येत नाही. हे उदाहरण नवे आहे असे इथे म्हणायचे नाही, ते आधी शोध घेऊनच ठरते. क्लेमचे वजन कुठे असावे एवढेच त्यातून दिसावे.

आणि परिणाम मोजून लिहावा लागतो. ‘अचूकता वाढते’ या शब्दांना परीक्षक किंमत देत नाही. स्पिंडलच्या तोंडावर लोड सेलने ५००, १,००० आणि १,५०० न्यूटन ओढ द्या, मायक्रॉनच्या डायलवर सरक मोजा, ब्रेकच्या तिन्ही अवस्थांत. मग सर्वांत वरच्या वेगाला दोन तास चालवून पुढच्या बेअरिंगचे तापमान दर दहा मिनिटांनी टिपा. तेच मोजमाप प्रीलोड कायम ठेवून पुन्हा करा, कारण तुलना नसेल तर आकडा मुका आहे. शेवटी दहा शाफ्टवर की-वे करून वरची आणि तळाची रुंदी मोजा. कलाभवनात, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या तंत्रशाखेत, अशा मोजमापाला प्रोजेक्ट म्हणून विद्यार्थी लावता आले तर दोघांचेही भले होईल. १८९० साली सयाजीरावांनी ती संस्था काढली तीच कारागिरी आणि शास्त्र एका छपराखाली आणण्यासाठी. फक्त अर्ज दाखल होण्याआधी गोष्ट विद्यापीठात नेणार असाल तर गुप्ततेचा करार लेखी हवा.

आकडे लपवण्याची खोड मात्र सोडावी लागेल. नक्कल होईल या भीतीने तेलाचा दाब, कप्प्याचे माप, स्विचची जागा गाळून अर्ज लिहिला जातो. कलम १० प्रमाणे ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धत उघड करावीच लागते. अपुरे वर्णन हे पुढे पेटंट रद्द करण्याचेच कारण ठरते. जे उघड करायचे नसेल त्याचे पेटंट मागू नये, ते कारखान्याचे गुपित म्हणून कुलपात ठेवावे.

अर्जाआधीचा शोध गुगलवर ‘मिल-टर्न’ लिहून होत नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वेगवेगळी यांत्रिक कामे एकत्र करणारी मशिने बी२३पी २३/०२ मध्ये आणि एकाच स्थानकावर काम करणाऱ्या जोडणीची मशिने बी२३क्यू ३९/०२ मध्ये येतात; लेथचे स्पिंडल बी२३बी १९/०२ मध्ये, स्पिंडल वाहणारे भाग बी२३क्यू १/७० मध्ये. एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि भारतीय अर्जांसाठी इनपास, ही तिन्ही शोधस्थळे फुकट आहेत. जपानी कागद भाषा येत नाही म्हणून सोडू नका. या विषयातले निम्मे शहाणपण तिथे आहे आणि ड्रॉइंग वाचायला भाषा लागत नाही. या शोधाचा दुसरा फायदा आपल्याकडे कोणी घेतच नाही. २० वर्षे उलटून गेलेले पेटंट सगळ्यांचे झाले. आणि परदेशातले जे पेटंट भारतात घेतलेलेच नाही, त्यातली रचना भारतात बनवून भारतात विकायला आडकाठी नाही. कित्येक कारखान्यांना पेटंट घेण्यापेक्षा हा उद्योग जास्त लाभदायक ठरेल, असे माझे मत आहे.

सगळ्यांत जास्त अर्ज मरतात ते गाजावाजा करण्याने. मशिन तयार झाले की त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतो, ब्रोशर छापले जाते, बेंगळुरूच्या इमटेक्स या मशिन टूल प्रदर्शनात स्टॉल लागतो आणि सवडीने अर्ज होतो. प्रसिद्ध झालेली गोष्ट तुमचीच असली तरी तुमच्याच विरुद्ध वापरली जाते. प्रदर्शनासाठी कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. तिच्या भरवशावर राहू नये. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकावा, मग कॅमेरा काढावा. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो, नाहीतर तो सोडून दिला असे धरतात. आणि प्रोव्हिजनल म्हणजे दोन पाने आणि एक फोटो नव्हे. वरच्या उदाहरणात ब्रेकची लाइन आणि प्रीलोडचा कप्पा यांचे नाते पहिल्या अर्जात लिहिलेच नसेल, तर त्या नात्याला पहिली तारीख मिळत नाही. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ते प्रसिद्ध केले की खेळ संपला.

खर्चाचा बागुलबुवा मात्र खरा नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीची ४,०००. मोठ्या कंपनीला हेच ८,००० आणि २०,०००. लघुउद्योगाने उद्यम प्रमाणपत्रासह फॉर्म २८ जोडावा, तो विसरला तर सवलत अडते. ३० पानांपुढे आणि १० क्लेमपुढे जादा फी आहे, तेव्हा पाल्हाळ महाग पडतो. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दाखल झालेल्या अर्जांत परीक्षणाची विनंती ४८ ऐवजी ३१ महिन्यांतच करावी लागते. जुन्या मुदतीवर विसंबलेल्यांचे अर्ज विनंतीअभावी मागे घेतल्याचे धरले जातात. लघुउद्योगाला आणि महिला अर्जदाराला फॉर्म १८ए भरून ८,००० रुपयांत जलद परीक्षण मागता येते. आपला भाग मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतो. अहमदाबादला आहे ती ट्रेडमार्कची कचेरी, तिथे पेटंटसाठी चकरा मारण्यात अर्थ नाही.

पहिला अहवाल आला की घाबरून जाण्याचे कारण नसते. आक्षेपाशिवाय अहवाल जवळपास येतच नाही. उत्तराला सहा महिने असतात. परीक्षक दोन किंवा तीन जुने कागद एकत्र ठेवतो: एकात टर्न-मिल मशिन, दुसऱ्यात बदलत्या प्रीलोडचा स्पिंडल. आपल्याकडचे ठरावीक उत्तर असे, की पहिल्यात प्रीलोड नाही आणि दुसऱ्यात सी-अक्ष नाही. हे उत्तर फुकट जाते, कारण परीक्षकाने दोन्ही जोडूनच आक्षेप घेतलेला असतो. दाखवायचे असते ते असे, की दुसऱ्या कागदातला प्रीलोड वेगाप्रमाणे बदलतो. तो पहिल्या मशिनला तसाच जोडला तर कमी वेगावर टर्निंग करतानाही प्रीलोड चढेल आणि थांबलेला स्पिंडल व सावकाश फिरणारा स्पिंडल यांत फरकच उरणार नाही. ब्रेकची अवस्था हा संकेत धरावा असे दोन्हींपैकी एकही कागद सुचवत नाही. सोबत मोजमापाचा तक्ता. असे उत्तर पेटंट एजंट एकटा लिहू शकत नाही. डिझाइन करणारा माणूस त्याच्या शेजारी बसावा लागतो.

ज्यांचे सगळे नवेपण कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये आहे, त्यांना कलम ३(के) आडवे येते: संगणक प्रोग्रॅम निव्वळ प्रोग्रॅम म्हणून शोध नाही. फरीद अलानी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तांत्रिक परिणाम पाहावा असे सांगितल्यापासून वाट थोडी मोकळी झाली आहे, पण सेन्सर, व्हॉल्व्ह आणि अक्षाची प्रत्यक्ष हालचाल क्लेममध्ये आणल्याशिवाय अर्ज करू नये.

एक तक्रार मात्र आपल्या पानावरून दिल्लीपर्यंत जायला हवी. जर्मनीत, चीनमध्ये, जपानमध्ये पेटंटखेरीज ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचा हलका हक्क आहे. जर्मनीत तो नवेपणाची तपासणी न होता नोंदला जातो आणि जास्तीत जास्त १० वर्षे टिकतो. आपल्याकडे तसे काही नाही. कारागिराने वर्मला गॅप काढण्याची सुबक सोय केली तर ती पेटंटला कमी पडते आणि डिझाइन नोंदणीत बसत नाही, कारण डिझाइन कायदा फक्त दिसण्याचे रक्षण करतो. राजकोट, कोइम्बतूर, लुधियाना, बडोदे, सगळीकडे खरी प्रगती अशाच छोट्या सुधारणांतून होते आणि ती पहिल्या प्रदर्शनानंतर शेजाऱ्याच्या मशिनवर दिसू लागते. पेटंटच्या अर्जांत हवा भरली जाते त्याचे एक कारण हेही आहे; मधली पायरीच नसल्यामुळे जो तो वरच्या पायरीवर उडी मारतो.

राहता राहिले नावाचे. ब्रेकची लाइन बेअरिंगकडे वळवण्याची कल्पना बहुधा फोरमनची किंवा फिटरची असते आणि अर्जात शोधक म्हणून मालक व त्यांचे चिरंजीव असतात. कायद्याने शोधक तोच, ज्याला ती सुचली. कंपनी अर्जदार होऊ शकते, पण त्यासाठी शोधकाने हक्क दिल्याची सही फॉर्म १ वर किंवा वेगळ्या करारावर लागते आणि तो पुरावा अर्जानंतर सहा महिन्यांत द्यायचा असतो. पुढे कोणी पेटंटला आव्हान दिले तर खऱ्या शोधकाचे नाव वगळणे हा विरुद्ध पक्षाचा आयता मुद्दा होतो, आणि साक्षीदारही आयता मिळतो. ही सही मशिन जुळवत असतानाच घ्यावी. मुदत संपत येते तोवर माणूस दुसऱ्या कारखान्यात लागलेला असतो.

आपला,
एक वाचक
(मशिन टूल डिझाइन क्षेत्रातील), मकरपुरा, बडोदे